बर्फावरची सावली

धोंडिराम सरवदेने पहिला बर्फ पाहिला तो मिठाचा होता. भाईंदरच्या मिठागरातून आलेली साठ पोती गोरेगावच्या एका स्टुडिओत रिकामी केली होती, आणि बार्शीजवळच्या गावातून नुकताच मामाकडे आलेला बावीस वर्षांचा धोंडिराम अनवाणी पायांनी ते मीठ फावड्याने पसरत होता. संध्याकाळपर्यंत टाचांच्या भेगांत आग पेटली. पण मोठे दिवे लागले आणि तो फावडं धरून तसाच उभा राहिला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक थंड, गप्प देश पसरला होता. त्यात हिरॉइन शाल गुंडाळून कुडकुडत होती आणि शॉट संपला की धावत पंख्याखाली जात होती.

त्याच सेटवर त्याला सीताराम मेस्त्री भेटला. वयाने सात वर्षं मोठा, मालवणकडचा, हाताने डोंगर रंगवणारा. सीतारामने त्याला हाताखाली घेतलं. मिठात चिमूटभर नीळ मिसळायची, नाहीतर कॅमेऱ्यात ते पिवळट दिसतं. खडक प्लास्टरचे, आतून पोकळ, म्हणून त्यावर हिरोने उडी मारायच्या आधी आत पोतं कोंबायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे रंग कधी काचेतून जोखायचा नाही, दिव्यात तर नाहीच. रंग कालवलेली करवंटी घेऊन बाहेर उन्हात यायचं आणि उघड्या डोळ्यांनी बघायचं. धोंडिरामने हा नियम अडतीस वर्षं पाळला.

भांडण झालं ते देवदाराच्या सावलीवरून. इतक्या दिव्यांत एका झाडाच्या पाच सावल्या पडायच्या, म्हणून खरी वाटणारी एकच सावली मिठावर रंगाच्या पाण्याने फवारायची असायची. धोंडिरामने निळी कालवली.

"मेल्या, निळी नाय," सीताराम म्हणाला. "बर्फावर सावली जांभळी पडता. त्यात लालाचो थेंब टाक."

"तुम्ही बघितलाय का बर्फ?"

"तू बघितलंस?"

दोघांनीही बघितला नव्हता. आर्ट डायरेक्टर म्हणाला, काहीही करा, जेवणानंतर शॉट आहे. त्या दिवशी सावली निळी झाली. पुढच्या सिनेमात सीताराम आधी आला आणि ती जांभळी झाली. असं तीस वर्षं चाललं. लोकांनी थेटरात बसून दोन्ही सावल्या खऱ्या मानल्या. पुढे सीतारामचे गुडघे गेले. त्यानंतर डोंगरही गेले. मागे नुसता हिरवा कपडा ताणायचा आणि डोंगर कुठेतरी कॉम्प्युटरवर उगवायचा. शेवटची काही वर्षं धोंडिरामने हिरव्या कपड्याच्या सुरकुत्या काढण्यात घालवली.

तो साठीचा झाला तेव्हा त्याच्या मुलीने, शीतलने, विचारलं, "पप्पा, खरा बघायचाय?"

शीतल अंधेरीच्या एका रक्तपेढीत टेक्निशियन होती. वर्षातून एकदा ती मुलुंडच्या निमेशच्या ग्रुपबरोबर हिमालयात जायची आणि सालटं निघालेलं नाक घेऊन परत यायची. यंदाचा ट्रेक मनालीच्या वरच्या एका शिखराचा होता. आठ दिवसांचा, सोबत वाटाडे, तंबू, स्वयंपाकी. शिखर पाच हजार मीटरच्या वर. नाव इंग्रजी होतं, ते धोंडिरामच्या तोंडी बसेना. तो त्याला 'ते वरचं' म्हणू लागला.

मग तीन महिने इमारतीचा जिना. चौदा मजले चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. पाठीवर वजन हवं म्हणून त्याने सॅकमध्ये दहा किलो मीठ भरलं.

"परत मीठच?" त्याची बायको चंपा दारातून म्हणाली. "जन्म गेला त्यात, अजून पाठ सोडत नाही."

सीताराम त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा. दार उघडं टाकून, पाय स्टुलावर ठेवून तो धोंडिरामच्या फेऱ्या मोजायचा. निघायच्या आदल्या दिवशी त्याने हाक मारली.

"हे बघ. खालच्या बर्फाचं सांगू नको. त्यात माती असता, झाडाचा पालापाचोळा असता. सगळ्यात वरचा सांग. शिखरावरचा. आणि माका खरा सांग हां. तू हरलास तरी खरा सांग."

"हरणार तुम्ही."

"बघून ये, मग बोल."

धोंडिरामने पुठ्ठ्याच्या पट्टीवर सात चौकोन रंगवले. एक नंबर त्याचा निळा, सात नंबर सीतारामचा जांभळा, मध्ये दोघांची पोरं असावीत तसे पाच रंग. ती पट्टी त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीवरच्या खिशात ठेवली.

*

पहिले तीन दिवस तो जणू कुणाच्या तरी सेटवर पाहुणा म्हणून फिरत होता. देवदार फार दाट लावलेत, त्याला वाटायचं, कॅमेरा कुठून फिरवणार? पाणी फार जोरात सोडलंय, संवाद ऐकू येणार नाहीत. वाटेत मोठा खडक आला की तो बोटाच्या पेराने ठकठक करून बघायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा निमेश मागे वळला.

"काका, काय ऐकताय?"

"पोकळ आहे का बघतोय."

निमेश हसत सुटला. संध्याकाळपर्यंत ग्रुपमधले बाराही जण खडक वाजवत चालू लागले.

चौथ्या दिवशी झाडं संपली आणि एका वळणावर, ओढ्याच्या कडेला, बर्फ सुरू झाला. मळका, कडेने खाल्लेला. धोंडिराम खाली बसला. हातमोजा काढून त्याने चिमूटभर उचलला आणि सवयीने जिभेवर ठेवला.

"काय झालं पप्पा?" शीतल म्हणाली.

"अळणी आहे गं."

तो हे इतक्या नवलाने म्हणाला की तिला हसता येईना. ती त्याच्या शेजारी बसून राहिली. बर्फ त्याच्या बोटांवरून पाणी होऊन मनगटापर्यंत गेला. त्याने आजवर ओढलेल्या कितीतरी टन बर्फातला एक खडाही असा हातात विरला नव्हता.

त्या दुपारी ते बेसकॅम्पला पोचले. एका मोठ्या वाटीसारखी जागा, तळाशी पिवळे तंबू, तिन्ही बाजूंनी पांढरे उतार. पूर्वेच्या भिंतीच्या टोकावर 'ते वरचं' होतं. धोंडिराम त्याच्याकडे बघत उभा राहिला. इतकं साधं होतं ते. एवढं साधं रंगवलं असतं तर आर्ट डायरेक्टरने परत करायला लावलं असतं.

निमेशने सगळ्यांना गोल बसवून सांगितलं, "उद्या बर्फावर चालायचा सराव. परवा आराम. परवा रात्री निघायचं, सकाळी शिखर. आणि एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. उजेडात गॉगल काढायचा नाही. ढग असले तरी नाही. फोटोसाठी नाही, घाम पुसायला नाही. डोळे भाजतात, आणि भाजताना कळत नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. धोंडिरामनेही हलवली.

*

सरावाच्या दिवशी आभाळ दुधासारखं होतं. सूर्य कुठेतरी होता, पण सावली कशाचीच नव्हती. माणसं, काठ्या, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी, सगळं बर्फावर नुसतं ठेवल्यासारखं. बुटांना काटे बांधून कसं चालायचं, घसरलं तर कुऱ्हाड कशी रोवायची, हे धोंडिराम बऱ्यापैकी शिकला. मग विश्रांती झाली. बाकीचे चहाच्या थर्मासभोवती जमले आणि तो जरा बाजूला, उताराच्या एका खोबणीत जाऊन बसला.

त्याने पट्टी काढली. गॉगलमधून सातही चौकोन चहाच्या रंगाचे दिसत होते. बर्फही चहाच्या रंगाचा.

काचेतून रंग जोखायचा नाही.

त्याने गॉगल कपाळावर सरकवला. ऊन तर नाहीच आहे, त्याने स्वतःला सांगितलं. कुऱ्हाड समोर रोवली आणि सावलीची वाट बघू लागला. ढग पातळ व्हायचे, सावली येतेय असं वाटायचं आणि ती तिथेच विरायची. तो बर्फाकडे बघत राहिला. इतका पांढरा रंग त्याने कधी पाहिला नव्हता. त्यात काही मिसळलेलंच नव्हतं. हळूहळू त्यातून आकार उठू लागले. स्टुडिओचा चार नंबरचा फ्लोअर, मिठावरून चालणारा तरुण सीताराम, खांद्यावर रंग फवारायचा पंप. शाल गुंडाळलेली कुणीतरी. अर्धा तास झाला की जास्त, त्याला कळलं नाही. मग क्षणभर ढग फाटला. कुऱ्हाडीची सावली सपकन समोर आली, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सगळं पाझरून एक झालं. पुसेपर्यंत ढग मिटला होता.

"पप्पा!" शीतल ओरडत आली. "गॉगल! काय करताय तुम्ही?"

"ऊन कुठंय?"

"किती वेळ काढून बसलात?"

"आत्ताच काढला," तो म्हणाला. लहानपणी आईशी बोलायचा तसं खोटं.

संध्याकाळी डोळ्यांत कुणीतरी मीठ टाकल्यासारखं झालं. त्याला ती आग ओळखीची वाटली. फक्त तेव्हा ती टाचांत होती. पापणी उघडली की सुया, मिटली की वाळू. निमेशने डोळे तपासले, थेंब घातले, थंड पाण्याची घडी ठेवून वर पट्टी बांधली.

"काका, दोन दिवसांत बरे होतील. घाबरू नका. पण शिखर नाही."

"उद्या अख्खा दिवस आराम आहे ना? बरं वाटलं तर?"

"बरं वाटलं तरी नाही. वर दिवसभर बर्फावर उजेड. परत भाजले तर मी तुमच्या घरी काय सांगू? आणि खरं सांगू का, तुम्हाला शिकवलं होतं म्हणून जास्त राग येतोय."

धोंडिराम आडवा झाला. तंबूच्या कापडावर वारा हात फिरवत होता. अडतीस वर्षं वाट पाहिली आणि अर्धा तास धीर धरला नाही, त्याच्या मनात आलं. मीठ पसरून झालं की दिवे लागेपर्यंत तासन् तास थांबायचो की आपण.

दुसरा दिवस त्याने पट्टीमागच्या अंधारात काढला. तो अंधार पूर्ण काळा नव्हता. त्यात रंगवलेले सगळे डोंगर एकेक करून येत होते. त्यांचे पडदे गुंडाळून कुठल्या गोदामात गेले, फाडून कशाकशावर टाकले, कोण जाणे. आता ते शांतपणे येऊन त्याच्या उशाशी उभे राहत होते. काहींच्या सावल्या निळ्या, काहींच्या जांभळ्या.

संध्याकाळी शीतल आत आली आणि सॅक न भरता नुसती बसून राहिली. धोंडिरामला आवाजावरून कळलं.

"भरत का नाहीस?"

"मी थांबते तुमच्याजवळ."

"कशाला? इथं बसून माझी पट्टी बघणार?"

"तुम्हाला दाखवायला आणलं होतं मी. मीच वर जाऊन काय करू?"

"शीतल, रक्ताची बाटली कुठल्या गटाची हे तू अंदाजाने सांगतेस का?"

"काहीही काय पप्पा."

"मग हे पण अंदाजाने नको." त्याने चाचपत खिशातून पिशवी काढून तिच्या हातात दिली. "वर गेलीस की सावलीशेजारी ही रंगांची पट्टी धर. जो नंबर जुळेल तो लिही. गॉगल काढायचा नाही. पट्टी आणि सावली दोन्ही एकाच काचेतून बघ, म्हणजे जुळणी चुकत नाही." तो थांबला. "हे मला काल सुचायला हवं होतं. नियम पाठ होता ना, म्हणून डोकं चाललं नाही."

ती हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला, मग चेन ओढायचे आवाज. ती सॅक भरत होती.

*

ते गेले तेव्हा तो जागाच होता. बुटांच्या काट्यांचा कर्रकर्र आवाज वर वर जात पातळ झाला आणि संपला. मग झोप लागली.

जाग आली ती स्टोव्हच्या आवाजाने. कॅम्पवर मागे राहिला होता तो स्वयंपाकी चंद्रप्रकाश, कुल्लूकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो तंबूची चेन उघडून आत डोकावला.

"अंकल जी, चाय. आँख कैसी है?"

"आग नहीं है अभी. थोडा पानी आता है."

"तो बाहर आ जाओ. आठ बजे तक इधर धूप नहीं आती, सामने पहाड़ है ना. थोडी देर पट्टी खोल लो, हवा लगने दो. मैं बोलूँगा तब बंद कर लेना."

धोंडिराम त्याचा हात धरून बाहेर आला आणि दुमडलेल्या चटईवर बसला. थंडी गालांना टोचत होती. त्याने गाठ सोडली. घडी काढली. क्षणभर डोळे मिटलेलेच ठेवले, आणि मग उघडले.

उताराच्या अगदी टोकावर, आभाळाला चिकटून, उजेडाची एक गुलाबी किनार होती. तिच्याखाली धाग्यात ओवल्यासारखे बारा-तेरा ठिपके. त्यातला एक त्याची लेक होती.

पण त्याची नजर तिथे राहिली नाही. ती हळूहळू उतारावरून खाली आली, वाटीभर पसरली, तंबूंवरून, स्टोव्हच्या वाफेवरून, चंद्रप्रकाशच्या हातातल्या कपावरून त्याच्या स्वतःच्या मांडीपर्यंत आली. सगळं एकाच रंगात बुडालेलं होतं. बर्फ, हात, पिवळं कापड, पाण्याचा हंडा. डोंगराची सावली. एवढी मोठी की तिला कड नव्हती, म्हणून ती सावली आहे हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. वाटेतल्या मुक्कामांवर रोज सकाळी तो अशाच सावलीत बसून चहा प्यायला होता, आणि ऊन कधी येतंय म्हणून तिच्याकडे न बघता वर बघत राहिला होता.

त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. पट्टी वर गेली होती.

मग तो नुसता बघत बसला. नंबर नव्हता, शेजारी धरायला काही नव्हतं. रंग निळा म्हणावा तर त्यात कुठेतरी खोल ऊब होती. जांभळा म्हणावा तर तो हातातून निसटून निळ्यात जायचा. आणि तो थांबत नव्हता. चहाचे चार घोट होईपर्यंत तो बदलला होता.

"क्या देख रहे हो अंकल जी?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"छाँव."

चंद्रप्रकाशने इकडेतिकडे पाहिलं, जणू ती कुठे ठेवली आहे ते शोधावं. मग तोही शेजारी बसला. चहाचे कप रिकामे झाले.

"बस. अब बंद," शेवटी तो म्हणाला. वर गुलाबी किनार पांढरी होऊन चमकू लागली होती. धोंडिरामने न कुरकुरता डोळ्यांवर पट्टी बांधली.

शीतल दुपारी परतली. गालांवर ऊन, आवाज बसलेला. आधी तिने त्याला मिठी मारली, मग रंगांची पट्टी त्याच्या हातात दिली.

"पुठ्ठ्याच्या मागे लिहिलंय. थांबा, मी वाचते. पाच चाळीस, सहा नंबर. सहा वीस, पाच नंबर. सात वाजता चार. शिखरावर, आठ दहाला, दोन. उतरताना साडेनऊला एक. पप्पा, वेळ टाकली तसं कळलं, नाहीतर मी गोंधळले असते. तो एक रंग नाहीच."

"माहितीये," धोंडिराम म्हणाला.

"कसं?"

तो नुसता हसला. ती तिथेच, बुटांसकट, त्याच्या शेजारी झोपून गेली.

*

गोरेगावला पोचले त्या संध्याकाळी तो आधी दुसऱ्या मजल्यावर थांबला. सॅक पाठीवरच होती. सीतारामने पाय स्टुलावरून खाली घेतले.

"इलंस? डोळ्यांक काय झालां ता शीतलने फोनवर सांगितलां. येड्या, मी नियम शिकवलो तो करवंटीसाठी. डोंगरासाठी नाय."

"मीठ उतरलं असेल पाठीवरून, पण अक्कल चढली नाही," धोंडिराम म्हणाला आणि पट्टी पुढे केली.

सीतारामने चष्मा लावला. मागचं लिखाण दोनदा वाचलं. वेळा, नंबर. मग हसायला लागला, खोकला येईपर्यंत.

"म्हणजे मी पाचाक उठतंय नि तू आठाक, एवढाच? त्यासाठी तीस वर्षं भांडलो?"

"एवढंच."

"शिखरावर दोन नंबर पडलो म्हणजे तू जिंकलंस."

"मी शिखरावर गेलो नाही."

सीतारामचं हसू थांबलं. खिडकीखालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. "मग तू काय बघितलंस?" त्याने हळूच विचारलं.

धोंडिरामने सॅक उतरवून भिंतीला टेकवली. पलंगाखाली सीतारामच्या रंगांचा जुना डबा होता, त्यातल्या त्यात ओल्या राहिलेल्या ट्यूबा होत्या, करवंट्या होत्या. एक करवंटी घेऊन त्याने पांढरा पिळला, त्यात आपला निळा टाकला आणि काडीने घोळला. मग, सीतारामने न सांगता, लालाची ट्यूब उघडली आणि टोकावर आलेला एक थेंब आत सोडला.

सीताराम बघत होता.

धोंडिरामने करवंटी उचलून त्याच्या हातात दिली, त्याच्या दंडाखाली हात घातला आणि म्हणाला, "चला. गॅलरीत ऊन आहे अजून. उठा, हळूहळू. उघड्या डोळ्यांनी बघा आणि सांगा, अजून किती घालू."